एकशेवीसवरून शून्यावर

यंदाच्या अंकाचा विषय ‘ऊर्जा’ असल्याचं संपादकांनी कळवलं. नागपुरात राहणाऱ्याला ऊर्जा म्हटलं की आधी कोराडीची धुरांडी दिसतात, मग खापरखेड्याची, मग मे महिन्याचं वीजबिल. ऊर्जा कशी निर्माण होते, कुठून येते, पुढे पुरेल का, यावर आपल्याकडे बरंच लिहिलं जातं आणि ते हवंच. पण ऊर्जा आपण रोज जाणूनबुजून संपवतोही. सिग्नल लाल झाला, समोर गाय आली, टोलनाका आला की पाय ब्रेकवर जातो आणि इंजिनाने पेट्रोल जाळून गाडीत भरलेली गती काही सेकंदांत नाहीशी होते. ती जाते कुठे, किती जाते आणि ती घालवताना ब्रेकला नेमकं किती काम पडतं, हे शोधायचं मी ठरवलं.

प्रश्न तसा शाळकरी आहे. राज्याच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ नावाचा धडा आहे. अमुक वस्तुमानाची मोटार, तमुक वेग, ब्रेक लावून थांबवली, तर ब्रेकने केलेलं कार्य काढा, ही त्या धड्यावरची नेहमीची गणितं. उत्तर ज्यूलमध्ये येतं, त्याखाली दोन रेघा ओढायच्या आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. त्या उत्तराचं रस्त्यावर काय होतं, हे वहीत कळत नाही. नागपूरकराला ते पाहायला आता फार लांब जावं लागत नाही.

शिवमडक्याचं गणित

हिंगण्याच्या बाजूला शिवमडक्यापाशी समृद्धी महामार्ग सुरू होतो. इथून मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. सपाटीवर ताशी १५० किलोमीटर वेग धरून या रस्त्याची आखणी झाली आहे. कायद्याची मर्यादा मात्र कारला १२०, बसला १०० आणि ट्रकला ८०. शहरातल्या खड्ड्यांतून, सिग्नलांतून सुटलेली गाडी इथे आली की रस्ता एकदम मोकळा होतो, आणि काटा १२०वर कधी गेला ते आत बसलेल्यांना जाणवतही नाही. काचा बंद, एसी सुरू, बाहेर विदर्भाचं सपाट रान. अंगाला वेग कळावा असं आजूबाजूला काही उरत नाही.

म्हणून तो कागदावर मांडून पाहू. लहान कार, आत चार माणसं, डिकीत बॅगा, सगळं मिळून १२०० किलो. वेग ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. ६०० गुणिले सुमारे ११११. उत्तर ६ लाख ६७ हजार ज्यूल. गाडी थांबायची तर एवढंच कार्य तिच्या गतीविरुद्ध व्हायला हवं. पुस्तकात त्याच्यामागे उणे चिन्ह असतं, कारण बल एका दिशेला आणि गाडीचं सरकणं दुसऱ्या दिशेला.

हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही. हीच कार क्रेनने ५७ मीटर वर, म्हणजे अठरा-एकोणीस मजली इमारतीच्या गच्चीएवढी उचलली, तर तिच्यात एवढीच ऊर्जा साठते. १२०ने धावणाऱ्या कारमधलं कुटुंब या अर्थाने एकोणिसाव्या मजल्यावर बसलेलं असतं आणि ब्रेकला त्यांना तिथून सुखरूप खाली आणायचं असतं.

आता वेग निम्मा करा. ताशी ६०ला तीच कार १ लाख ६७ हजार ज्यूल बाळगते. वेग निम्मा, काम चौथा हिस्सा. शहरातल्या ४०च्या वेगाला ते ७४ हजारांवर येतं, १२०च्या नवव्या हिश्शावर. उलट मर्यादा मोडून कुणी १५०ला गेला तर १० लाख ४२ हजार. वेग पंचवीस टक्क्यांनी वाढला, ब्रेकचं काम छप्पन्न टक्क्यांनी. या सगळ्या गणितातला कळीचा भाग हा वर्गच आहे. आपलं मन वेग सरळ रेषेत मोजतं. शंभर आणि एकशेवीस यांत त्याला वीसच दिसतात.

ही गोष्ट माणसाला सहज पटली नव्हती. न्यूटननंतरही कित्येक वर्षं, गतीचं ‘बळ’ वेगाच्या प्रमाणात वाढतं की वेगाच्या वर्गाच्या, यावर युरोपात वाद चालला. विलेम ग्राव्हेसांदे या डच प्राध्यापकाने १७२०च्या सुमारास पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले. दुप्पट वेगाने पडलेला गोळा चौपट खोल रुतला. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४०च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा नेटाने मांडला. सूत्रातला तो ‘निम्मा’ आणि ‘कार्य’ ही काटेकोर संकल्पना कोरिओलिसमुळे १८२९मध्ये रुळली. समृद्धीवरच्या प्रत्येक ब्रेकला आज तोच मातीतला हिशेब चुकता करावा लागतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ब्रेक हळू दाबला काय, करकचून दाबला काय, एकूण कार्य तेच राहतं. तीनशे मीटरवर अलगद थांबलात तर सरासरी २२०० न्यूटनचं बल पुरतं. ऐंशी मीटरवर थांबायचं असेल तर ८२०० न्यूटनच्या वर लागतं. बल आणि अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे ६ लाख ६७ हजारच. हवेचा आणि टायरचा रोध यातला थोडा वाटा उचलतात, पण जोरात ब्रेक मारताना तो शंभरात पाच-सातच्या पुढे जात नाही. बाकीचं सगळं ब्रेकच्या माथी.

वाडीतलं गॅरेज

अमरावती रोडवरची वाडी म्हणजे नागपूरच्या मालवाहतुकीचं ठाणं. ट्रान्सपोर्टची गोदामं, टायरवाले, वेल्डिंगवाले, बॅटरीवाले, आणि त्यांच्यामधे ब्रेकचंच काम करणारी छोटी गॅरेजं. हवेत ग्रीस, डिझेल आणि तापलेल्या लोखंडाचा वास. मी गेले तेव्हा एका ट्रकचं मागचं चाक उतरवलेलं होतं आणि ड्रम जमिनीवर पालथा पडला होता. मिस्त्रींनी तो उलटा करून आतली बाजू दाखवली. ओतीव लोखंडाच्या त्या गुळगुळीत भिंतीवर जागोजागी निळसर डाग होते आणि केसासारख्या बारीक चिरा. डाग म्हणजे तिथे लोखंड फार तापलं होतं, चिरा म्हणजे ते तापत-निवत राहिलं होतं. उत्तरात आलेले ज्यूल कुठे जातात ते इथे डोळ्यांना दिसतं.

ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात, त्यांवर लायनर रिव्हेट केलेले. ब्रेक दाबला की शू फाकतात आणि लायनर फिरत्या ड्रमवर घासतात. कारच्या पुढच्या चाकांना बहुधा ड्रमऐवजी डिस्क असते. फिरत्या तबकडीला कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो. पायाचा जोर तिथवर नेतं ब्रेक ऑइल. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. पेडलची लांब दांडी, इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर आणि चाकाजवळचा मोठा पिस्टन मिळून पायाच्या जोराचे कितीतरी पट करतात. ट्रकमध्ये ऑइलच्या जागी हवा असते. कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो आणि पेडल नुसती झडप उघडतं. हवेला चाकापर्यंत पोचायला किंचित वेळ लागतो. ट्रकच्या पुढे घुसून लेन बदलणाऱ्या कारवाल्यांना हा वेळ ठाऊक असता तर बरं झालं असतं.

मी वहीतलं गणित मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाजूला टेकवलेल्या टायरवर हात ठेवून म्हणाले, “ब्रेक त चाकाले थांबवते, ताई. गाडीले थांबवते ते टायर.”

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हेच अर्धा तास घेऊन सांगतील. गाडीचा वेग कमी करणारं बाहेरचं बल रस्त्याचं असतं. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण गाडीला मागे खेचतं. पण चाक न घसरता फिरत असेल तर टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणापुरता रस्त्याच्या मानाने स्थिर असतो. तिथे घासणं नाही, म्हणून तिथे उष्णताही जवळजवळ नाही. खरं घासणं होतं पॅड आणि डिस्क यांच्यात, आणि सगळी उष्णता तिथे निघते. रस्ता बल देतो, ऊर्जा ब्रेक गिळतो. दोघांची कामं वेगळी, आणि एकाचं बिनसलं तर दुसरा हतबल. नवेकोरे पॅड आणि गुळगुळीत झालेले टायर असलेली गाडी थांबत नाही. टायर उत्तम पण लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेली गाडीही थांबत नाही.

चाक जाम झालं की हा हिशेब उलटतो. मग डिस्क फिरतच नाही, घासतो तो टायर, आणि सारी उष्णता रबर आणि रस्त्याच्या मधे निघते. डांबरावर दिसणारा काळा पट्टा तोच. घसरणारा टायर पकड गमावतो आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जात राहते. एबीएस हेच टाळतं. चाक जाम व्हायला आलं की सेकंदाला अनेकदा दाब सोडतं, पुन्हा धरतं. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरतं आणि घाबरून काही जण पाय काढतात. काढू नये, दाबूनच धरावा. एप्रिल २०१९पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस रस्त्यावर नसलेली पकड निर्माण करत नाही, आणि गाडीतली ऊर्जा एका ज्यूलनेही कमी करत नाही.

पाच सेकंदांत

६ लाख ६७ हजार ज्यूल विजेच्या भाषेत किती? एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे १२०वरून एकदा थांबताना एक पंचमांश युनिटही जात नाही. पैशात पाहिलं तर दीड-दोन रुपये. एवढ्याशा ऊर्जेचं कौतुक कशाला, असं वाटेल. कौतुक वेळेचं आहे. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर ही कार पाच सेकंदांच्या आत थांबते. तेवढ्या वेळात एवढं काम म्हणजे सरासरी १३७ किलोवॅट, आणि पेडल दाबल्याच्या पहिल्या क्षणी त्याच्या दुप्पट. अशा लहान कारचं इंजिन साधारण ६०-६५ किलोवॅटचं असतं. गाडीतलं सर्वांत ताकदवान यंत्र बॉनेटखाली नसतं, चाकांच्या आत असतं. त्याची चौकशी आपण क्वचितच करतो. गाडी विकत घेताना इंजिनाचा सीसी आणि मायलेज विचारतो. पॅड किती उरलेत, हे सर्व्हिसिंगच्या वेळीही विचारत नाही.

ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढची चाकं कामाचा मोठा वाटा उचलतात. तो ढोबळ सत्तर टक्के धरला तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला २ लाख ३३ हजार ज्यूल येतात. पाच किलोची ओतीव लोखंडाची डिस्क तेवढ्याने सुमारे शंभर अंश सेल्सिअसने तापते. मे महिन्यात नागपूरची हवाच ४५ अंशांवर असते. म्हणजे एका थांब्यात डिस्क १४५ला. निवायच्या आत पुन्हा तसाच ब्रेक मारावा लागला तर अडीचशेच्या घरात. असं होत गेलं की पॅडची पकड सुटू लागते. पेडल घट्ट लागतं, पाय पूर्ण जोर लावतो आणि गाडी पूर्वीसारखी थांबत नाही.

घासण्यातून उष्णता निघते हे आदिमानवाला माहीत होतं. पण ती उष्णता म्हणजे केलेल्या कामाचंच दुसरं रूप आहे, हे कळायला फार वेळ लागला. काउंट रम्फर्डने म्युनिकमध्ये तोफांची नळी कोरताना पाणी उकळलेलं पाहिलं आणि १७९८मध्ये त्यावर निबंध वाचला. जेम्स ज्यूलने १८४०च्या दशकात पाण्यात पंखे फिरवून, किती कामाला किती उष्णता हे मोजून दाखवलं. नववीच्या उत्तराखाली लिहितो ते एकक त्याच्याच नावाचं.

डोळ्यांना दिसेपर्यंत

आतापर्यंतचा हिशेब पाय ब्रेकवर पडल्यापासूनचा होता. त्याआधी डोळ्यांनी पाहायचं, मेंदूने ठरवायचं, पायाने हलायचं. सावध माणसाला यात दीड सेकंद लागला असं धरू. १२०ला गाडी तेवढ्यात ५० मीटर जाते, पूर्ण वेगाने, ब्रेकचा स्पर्शही न होता. पुढे थांबायला ८१ मीटर. एकूण १३१. ओल्या रस्त्यावर घर्षण कमी होऊन नुसतं ब्रेकचं अंतरच १४२ मीटरवर जातं. काम तेच, बल कमी, म्हणून अंतर जास्त.

रस्ते बांधणाऱ्यांनी हा हिशेब फार पूर्वीपासून धरलेला आहे आणि त्यात नागपूरचा वाटा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पुढे १९३४मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. १९४३मध्ये देशातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि भारताचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार झाला. तो आजही ‘नागपूर प्लॅन’ म्हणूनच ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथली. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलांना हे नाव परीक्षेत हमखास भेटतं, नागपूरच्या सामान्य माणसाला मात्र क्वचित.

चालकाला पुढचा किती रस्ता दिसला पाहिजे, हे रोड्स काँग्रेसच्या नियमांत ठरलेलं आहे. ते ठरवताना दीड नव्हे, अडीच सेकंद धरतात, आणि घर्षण चांगल्या रस्त्याच्या निम्मं, ०.३५च्या आसपास. कारण रस्ता थकलेल्या माणसासाठी, झिजलेल्या टायरसाठी, पावसासाठीही बांधायचा असतो. ताशी १००ला हे अंतर १८० मीटर येतं, १२०ला २५० मीटर. अभियंत्याने चालकाला दिलेली ही उधारी आहे. चालक वेग वाढवून आणि पुढच्या गाडीला चिकटून ती दोन मिनिटांत उडवतो.

रात्री तर ती उरतच नाही. डिपरवर ठेवलेला दिवा साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंतच नीट उजेड देतो. थांबायला १३१ मीटर हवेत. म्हणजे समोर बंद पडलेला ट्रक दिसेल तेव्हा ब्रेकचं काम सुरू व्हायलाही उशीर झालेला असतो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धीवर एक मिनी बस ट्रकवर मागून आदळली. सैलानी बाबांचं दर्शन घेऊन नाशिककडे परतणारे बारा भाविक त्यात गेले. त्याच वर्षी १ जुलैला, नागपूरहून पुण्याला निघालेली बस सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला उलटून पेटली आणि पंचवीस जण गेले, तेव्हापासून नागपुरात घरातलं कुणी रात्री समृद्धीने निघालं की फोन उशाशी ठेवले जातात.

सरळ, एकसारख्या रस्त्यावर तासन् तास गेलं की डोळे उघडे असूनही मन पेंगतं. नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासकांनी समृद्धीवरच्या अपघातांकडे पाहताना या महामार्गी गुंगीकडे बोट दाखवलं होतं. गुंगीने प्रतिसादाला एक सेकंद जास्त लागला, तर १२०ला गाडी आणखी ३३ मीटर पुढे गेलेली असते. इथे ब्रेक कितीही उत्तम असून उपयोग नाही, कारण तो अजून दाबलेलाच नाही.

उताराचं काम

सपाटीवरच्या माणसाला घाटातलं ब्रेकचं काम लवकर कळत नाही. नागपूरहून सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानी घाट लागतो. समृद्धीच्या दुसऱ्या टोकाला इगतपुरीनंतर जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सह्याद्री उतरावा लागतो. उतारावर गाडी थांबवायची नसते, नुसता तिचा वेग वाढू द्यायचा नसतो. तरी ब्रेक सतत काम करतो, कारण उंचीमुळे साठलेली ऊर्जा गतीत येऊ पाहते.

तीन आसांचा ट्रक २०१८पासून साडेअठ्ठावीस टनांपर्यंत वजन नेऊ शकतो. ८०च्या वेगाला त्याची गतिज ऊर्जा ७० लाख ज्यूल, आपल्या १२०च्या कारच्या दहापट. तोच ट्रक पाचशे मीटर उंची उतरला की सुमारे १४ कोटी ज्यूल कुठेतरी जायला हवेत. म्हणजे एकदाही न थांबता वीस वेळा थांबण्याएवढं काम. ते सगळं लायनरवर टाकलं तर वाडीत पाहिलेले निळे डाग पडतात, जळका वास येतो आणि मग ब्रेक लागतच नाही. म्हणून जुने चालक चढायला लागला तोच गिअर उतरायला वापरतात. इंजिन गाडीला अडवून धरतं आणि ऊर्जेचा मोठा वाटा एक्झॉस्टमधून, रेडिएटरमधून निघून जातो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरवणारे हा वाटेकरीच काढून टाकतात. कारचं इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. बूस्टरमधला निर्वात दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपतो आणि ब्रेक दगडासारखा होतो.

ब्रेक ऑइलचं दुखणं याहून लपलेलं. हे द्रव हवेतलं बाष्प ओढून घेतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला टेकतं आणि चाकापाशी काहीच पोचत नाही. लोक त्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात. दोन वर्षं न बदललेलं ऑइल हे त्यामागचं साधं कारण असू शकतं, आणि त्याचा बदल एका पेट्रोल टाकीहून स्वस्त पडतो. बाटलीत पाहिलं तरी कळतं: फिकट पिवळं चांगलं, काळपट तपकिरी झालं की वेळ गेली.

परत येणारी ऊर्जा

११ डिसेंबर २०२२ला, समृद्धीचा पहिला टप्पा सुरू झाला त्याच दिवशी, नागपूर मेट्रोचा पहिला टप्पाही पूर्ण होऊन खुला झाला. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर. सीताबर्डीला उभं राहून मेट्रो स्टेशनात शिरताना ऐकली तर ब्रेकची किरकीर ऐकू येत नाही, उतरत जाणारा एक सूर येतो. तिथे मोटार उलटी भूमिका घेते. चाकं मोटारीला फिरवतात, ती वीज तयार करते आणि ती वीज डोक्यावरच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारेत परत जाते. वीज काढून घेताना मोटार चाकाला अडवते, तोच ब्रेक. पॅड असतातच, पण ते शेवटच्या हळू टप्प्यासाठी आणि संकटासाठी. दर किलोमीटर-दीड किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीत हा हिशेब मोठा होतो.

रस्त्यावरही हे तंत्र नागपूरला लवकर आलं. मे २०१७मध्ये देशातला विजेवरच्या टॅक्सींचा पहिला मोठा प्रयोग याच शहरात सुरू झाला. विजेच्या कारचे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, कारण रोजच्या बऱ्याचशा थांबण्यात ते वापरलेच जात नाहीत. पण १२०वरून करकचून थांबायचं झालं, तर बॅटरीला पाच सेकंदांत तेवढी ऊर्जा गिळता येत नाही. तिथे पुन्हा लोखंड आणि पॅडच. शिवाय बॅटरीमुळे या गाड्या जड असतात. वस्तुमान वाढलं की काम त्याच पटीने वाढतं.

वीस किलोमीटरचा फरक

शेवटी पुन्हा कागद. दोन सारख्या कार, दोन लेन, शेजारी-शेजारी. एक १००ला, दुसरी १२०ला. दोन्ही चालक सारखेच सावध, टायर, ब्रेक सारखे, रस्ता कोरडा. पुढे एक आडवा ट्रक दोघांना एकाच क्षणी दिसतो. १००ची कार ९८ मीटरवर थांबते, ट्रकच्या अगदी अलीकडे. त्याच जागी दुसऱ्या कारचा वेग किती उरलेला असेल? मी हा प्रश्न रोज गाडी चालवणाऱ्या बऱ्याच जणांना विचारला. उत्तरं वीस, पंचवीस, फार तर तीस अशी आली. खरं उत्तर ७७ आहे. पहिल्या कारपेक्षा तिने दीड सेकंदात आठ मीटर जास्त गमावले आणि तिच्या ब्रेकला ४४ टक्के जास्त काम होतं. उरलेल्या ४८ मीटरांत ते उरकलं नाही.

हे गणित लायसन्स काढताना विचारलं जावं असं मला वाटतं. नववीच्या शिक्षकांनाही विनंती आहे की धड्यातल्या अमुक-तमुक मोटारीच्या जागी समृद्धीवरची कार घ्यावी, आणि उत्तर ज्यूलमध्ये आल्यावर तिथे न थांबता मीटरमध्येही काढायला लावावं. तीन वर्षांनी त्यांतली बरीच मुलं गाडीच्या चाकामागे बसणार आहेत.

नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. १२०ने सलग गेलात तर ४ तास २० मिनिटं, १००ने गेलात तर ५ तास १२ मिनिटं. या दिवाळीत समृद्धीने निघणार असाल तर आधी ब्रेक ऑइल आणि टायर तपासून घ्या, आणि ही बावन्न मिनिटं घरूनच हिशेबात धरून निघा.